पत्रकारांनी पिळलेली गाडी घ्यावी का?

सेकंडहँड गाड्यांच्या आपल्या बाजारात काही शब्दांना रोख किंमत आहे. ‘सिंगल हँड’. ‘फर्स्ट ओनर’. ‘डॉक्टरांची गाडी’. हा शेवटचा शब्द उच्चारताना तर विक्रेत्याचा आवाजही बदलतो. डॉक्टर म्हणजे हळू चालवणारे, वेळेवर सर्व्हिसिंग करणारे, गाडीत वडापाव न खाणारे, अशी काहीतरी समजूत त्यामागे असावी. (माझ्या ओळखीचे डॉक्टर तसे नाहीत, पण ते असो.)

या सगळ्याच्या पार उलट टोकाला एक गाडी उभी असते. दीड-दोन वर्षं जुनी, रन बेताचा, सगळी महागडी उपकरणं बसवलेली, भाव मोहात पाडणारा. आरसीवर पहिला मालक म्हणून चक्क ती गाडी बनवणाऱ्या कंपनीचंच नाव. चौकशी केली की कळतं, ही ‘मीडिया कार’ होती. म्हणजे कंपनीनं वर्षभर ती मासिकांच्या आणि यूट्यूबवरच्या समीक्षकांना आळीपाळीनं चालवायला दिली होती. सिंगल हँड तर सोडाच, किती हात लागलेत याची गणती नाही. आणि हात कसले, तर गाडीचा दम काढणं हाच ज्यांचा व्यवसाय, असे.

अशी गाडी घ्यावी का? बहुतेकांचं उत्तर तोंडावर तयार असतं: फुकट दिली तरी नको. पण या उत्तराची नीट उलटतपासणी करायला लागलं की मोटार नावाच्या यंत्राच्या पोटातल्या अशा काही गोष्टी समोर येतात, की गाडी घ्यायची राहून जावी आणि आपण बॉनेटखाली बघतच बसावं.

पण आधी एक जुनी हकीकत, कारण तिच्यात सगळ्या प्रकरणाची दुसरी बाजू आहे. मार्च १९६१, जिनिव्हा. जॅग्वार कंपनी आपली नवी ‘ई-टाइप’ जगाला दाखवणार होती. त्यासाठी इंग्लंडहून एक करड्या रंगाची कूपे रस्त्यानं चालवत आणली गेली. तिचा नंबर होता ९६०० एचपी. गाडी बघून लोक असे वेडे झाले, की एका गाडीवर फेरफटके मारून होईनात. कोव्हेंट्रीच्या कारखान्याला निरोप गेला: दुसरी गाडी घेऊन या, आत्ताच्या आत्ता. कंपनीचे टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस हातातलं काम टाकून निघाले आणि ७७ आरडब्ल्यू नंबरची हिरवी, उघड्या टपाची ई-टाइप रातोरात हाकत सकाळी जिनिव्हात हजर झाले.

या दोन्ही गाड्या प्रेस कार, म्हणजे त्या काळच्या मीडिया कार होत्या. ‘ऑटोकार’नं करडी गाडी मोजली आणि ताशी १५०.४ मैल, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटरचा वेग छापला. ‘मोटर’ या दुसऱ्या साप्ताहिकाला हिरव्या गाडीत १४९.१ मिळाले. दीडशे मैलांची गाडी! या एका आकड्यावर ई-टाइपची दंतकथा उभी राहिली. पुढे ज्यांनी पैसे मोजून ई-टाइप घेतली, त्यांना मात्र तो आकडा सहसा गाठता आला नाही. का? कारण पत्रकारांच्या गाडीचं इंजिन निगुतीनं जुळवलेलं होतं आणि वेगाच्या मोजणीला टायर शर्यतीचे होते.

अमेरिकेत तर याहून कडी झाली. १९६४ साली ‘कार अँड ड्रायव्हर’नं पाँटियॅक जीटीओ तपासली आणि शून्यावरून ताशी ६० मैल ४.६ सेकंदांत, असा त्या काळी डोळे पांढरे करणारा आकडा छापला. पाँटियॅकच्या जाहिरातीचं काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनी पुढे कबूल केलं, की त्या गाडीत ३८९ घनइंचाच्या नेहमीच्या इंजिनाऐवजी गुपचूप ४२१ घनइंचाचं बसवलं होतं.

म्हणजे बघा, प्रेस कार ही जगातली सर्वात जास्त पिळली जाणारी गाडी असते आणि त्याच वेळी सर्वात जास्त लाडावलेलीही. एका हाती मार, दुसऱ्या हाती तूपरोटी. आता ही दोन टोकं एकाच धातूवर काय परिणाम करतात ते पाहू.

या गाडीचा आठवडा साधारण असा जातो. कंपनीचा माणूस ती धुऊन, पुसून, टाकी भरून आणून देतो. टायरमधली हवा तपासलेली असते. मग समीक्षक काचेवर उपग्रहावरून वेग मोजणारी छोटी पेटी चिकटवतो आणि मोकळ्या सरळ पट्ट्यावर गाडी नेतो. शून्य ते शंभर. वाऱ्याचा फायदा-तोटा निघून जावा म्हणून तोच प्रयोग उलट दिशेनं. मग पुन्हा दोन्ही दिशांनी. मग शंभरवरून शून्य, ब्रेकवर उभं राहून. दुसऱ्या दिवशी फोटो. आणि फोटो म्हणजे नुसतं रस्त्याकडेला उभं राहणं नव्हे. मुळशी किंवा लवासाच्या रस्त्यावर एकाच वळणावरून तीच गाडी पुन्हा पुन्हा खाली-वर जाताना तुम्ही कधी पाहिली असेल, तर तो रस्ता चुकलेला पर्यटक नव्हता. वळणात झुकलेली गाडी, पुढच्या चाकाचा कोन, मागचा डोंगर आणि ऊन हे सगळं एका चौकटीत यावं म्हणून फोटोग्राफर हातानं खुणा करत असतो: अजून एकदा. प्रत्येक ‘अजून एकदा’साठी अरुंद रस्त्यावर, खडीत, दगडांच्या कडेला एक यू-टर्न. ही खडी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

आता इंजिनाकडे. लोकांची पहिली भीती त्याचीच असते: ‘पहिल्या दिवसापासून लाल रेषेपर्यंत पिळलं असणार.’ असणारच. मग त्याचं काय झालं?

मिनिटाला ६,००० फेरे घेणारं इंजिन डोळ्यांसमोर आणा. म्हणजे सेकंदाला १०० फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर जाऊन थांबतो, एकदा खाली जाऊन थांबतो. सेकंदाला २०० वेळा पूर्ण थांबणं! आणि तरीही, धाव ८६ मिलिमीटरची धरली तर त्याचा सरासरी वेग येतो ताशी ६२ किलोमीटर. तळहाताएवढ्या लांबीत ताशी शंभरच्या आसपास पोचायचं, थांबायचं, उलट फिरायचं, आणि हे सेकंदात दोनशे वेळा. त्या फिरण्याच्या क्षणी पिस्टनला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजारांहून जास्त पट असतो. अर्ध्या किलोहून थोडा कमी, चारशे ग्रॅमचा तो ॲल्युमिनियमचा तुकडा त्या क्षणी कनेक्टिंग रॉडला ओढतो सुमारे ९०० किलोच्या भारानं. एका छोट्या मोटारीच्या वजनाहून जास्त! आणि हे ‘अत्याचार’ झाले तेव्हा नव्हे. कंपनीनं आखून दिलेल्या मर्यादेच्या आत, रोजचं काम म्हणून.

मग हे सगळं घासून घासून झिजत कसं नाही? कारण ते घासतच नाही. क्रँकशाफ्ट ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, तिथे धातूला धातू लागत नाही. फिरता शाफ्ट स्वतःच तेल ओढून आपल्याखाली पाचर मारल्यासारखं घालतो आणि काही मायक्रॉन जाडीच्या तेलावर तरंगत राहतो. जितका जोरात फिरेल तितका चांगला तरंगतो. पंप लागतो तो तेल तिथवर पोचवायला. तरंगण्याचं काम शाफ्टच्या फिरण्यातूनच होतं.

याचा अर्थ काय? तापलेल्या इंजिनाला, भरपूर तेल असताना, लाल रेषेपर्यंत नेणं हा जुलूम नाही. जुलूम वेगळाच आहे. सकाळी गार इंजिन सुरू केलं, तेव्हा पहिल्या काही क्षणांत तो तेलाचा पडदा पुरता तयार नसतो. गार तेल जाड असतं. इंजिन तापेपर्यंत जादा पेट्रोल सोडलं जातं, त्यातलं थोडं तेलात उतरतं. ज्वलनातून आलेलं पाणीही तेलात जमतं आणि ते उडून जायला इंजिन बराच वेळ गरम राहावं लागतं. आता सांगा, घर ते शाळा दीड किलोमीटर, गाडी बंद. शाळा ते भाजी मंडई दोन किलोमीटर, पुन्हा बंद. अशी आठ वर्षं चाललेली ‘डॉक्टरांची गाडी’ किती सुखात होती? तुमच्या गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढा. त्यात ‘कठीण वापर’ असं एक पान असतं, अशा वापरात तेल लवकर बदला म्हणून सांगणारं. त्या पानावर शर्यतीचं नाव बहुधा नसतं. छोटी अंतरं, धूळ, चालू-बंद रहदारी, तासन्‌तास उभं राहून चाललेलं इंजिन, अशी यादी असते. म्हणजे सकाळी नऊ वाजता हिंजवडीला निघालेले सगळेच!

पण पिस्टनच्या रिंगांचं काय? नव्या गाडीला सुरुवातीला जपून चालवण्याचं ‘रनिंग-इन’ नावाचं जे व्रत असतं, ते पत्रकारांनी मोडलं असणार की.

या रिंगची करामत ऐका. पिस्टनभोवती खाचेत बसलेली ही लोखंडी कडी, एका जागी कापलेली. मोकळी असताना ती सिलिंडरपेक्षा किंचित मोठी असते, म्हणून आत दाबून बसवली की भिंतीला रेलून राहते. पण हा रेटा अगदी मामुली. स्फोट झाला की सिलिंडरमध्ये वातावरणाच्या पन्नास-साठ पट दाब उठतो. तो अडवायला हा रेटा कसा पुरणार? पुरत नाही. त्याची गरजही नाही. स्फोटाचा वायू रिंगच्या वरच्या बारीक फटीतून तिच्या पाठीमागे शिरतो आणि तिला मागून भिंतीवर दाबून धरतो. जो वायू निसटायला बघतोय, तोच स्वतःची वाट बंद करतो! आणि स्फोट जितका जोरदार, तितकी वाट घट्ट बंद.

सिलिंडरची भिंतही गुळगुळीत नसते. कारखान्यात तिच्यावर मुद्दाम तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा ओढतात, तेल धरून ठेवायला. नव्या इंजिनात रिंग या रेघांचे उंच कंगोरे घासून सपाट करते आणि दोघांची जोडी जमते. ही जोडी जमायला रिंगवर दाब लागतो, आणि दाब येतो तो इंजिनावर भार दिल्यावर. अगदी हलक्या पायानं, भार न देता चालवत राहिलं तर उलट भिंतीवर तेलाचा चकचकीत थर चढण्याचा धोका असतो. विश्वास बसत नसेल तर मोठ्या सोसायटीतल्या डिझेल जनरेटरच्या मेकॅनिकला विचारा. जनरेटर कमी भारावर फार वेळ चालवू नका, हे तो तुम्हाला घसा कोरडा करून सांगेल.

म्हणून पहिल्या दिवसापासून तुडवावं, असं मी म्हणत नाहीये. इंजिनाबरोबर गिअर, बेअरिंगा, टायर यांनाही रुळायला थोडा अवकाश लागतो. बीएमडब्ल्यूच्या ‘एम’ गाड्यांना २,००० किलोमीटरला खास पहिली सर्व्हिस असते, त्यात इंजिनाचं आणि डिफरन्शियलचं तेल बदलतात. अमेरिकेतली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही संस्था कंपन्यांकडून गाडी मागतच नाही. कोण आहोत हे न सांगता दुकानातून विकत घेते आणि आधी २,००० मैल चालवून मगच मोजमापाला घेते. काम झालं की विकून टाकते. पत्रकारांकडची एखादी गाडी डोळे झाकून घ्यायची तर मी यांचीच घेईन. दुर्दैवानं त्यांचं मैदान कनेटिकटमध्ये आहे.

ब्रेकची गंमत तर आणखी न्यारी. दीड टनाची गाडी ताशी शंभरवरून उभी करायची म्हणजे जवळजवळ तीन सेकंदांत, चाळीस मीटरच्या आत, तिची सगळी गतिज ऊर्जा उष्णता करून टाकायची. ही उष्णता किती? साधारण पावणेदोन लिटर पाणी उकळेल इतकी. म्हणजे समीक्षकानं एकदा कचकन ब्रेक दाबला की दहा-बारा कप चहाचं आधण, तीन सेकंदांत, चार डिस्कवर. इतक्यानं ब्रेक बिघडले असतील? बहुधा उलटंच. नव्या पॅडची डिस्कशी पकड पूर्ण नसते. काही जोरदार ब्रेक मारले की पॅडमधला पदार्थ पातळ थरानं डिस्कवर चढतो आणि मग पॅड डिस्कला नव्हे, स्वतःच्याच थराला धरतो. पकड वाढते. हा थर एकसारखा चढला तर उत्तम; लालबुंद डिस्कवर पाय तसाच दाबून गाडी उभी ठेवली की तो ठिपक्याठिपक्यांनी चिकटतो, आणि पुढे प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं. पॅड आणि डिस्क बदलता येतात, खर्च आधी धरता येतो. त्यामुळे मी ब्रेकसाठी झोप उडवून घेणार नाही.

क्लचसाठी मात्र उडवीन. कारण निसर्गाचा एक कडू नियम इथे आड येतो. इंजिन फिरतंय, चाकं उभी आहेत. दोघांना जुळवायचं तर मधे काहीतरी घसरलंच पाहिजे. इंजिनाचे फेरे एका जागी धरून क्लच सोडला, तर तो पूर्ण जुळेपर्यंत जितकी ऊर्जा गाडीला मिळते, साधारण तितकीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. निम्मी वाया! कितीही कसबी चालक असो, कितीही महाग गाडी असो. शून्य ते शंभरचा प्रत्येक प्रयत्न म्हणजे क्लचच्या पट्टीचा एक घास. त्यात प्रेस कारच्या क्लचवर दर आठवड्याला नवा पाय. प्रत्येकाला तो कुठे पकडतो हे नव्यानं शिकायचं, तेही बहुधा चढावरच्या सिग्नलला. मॅन्युअल प्रेस कारमध्ये क्लच गेलेलाच आहे असं धरून भाव करावा.

आणि मॅन्युअलमध्येच दडलेली आहे एक अशी चूक, जिच्यापुढे कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सचं काही चालत नाही. इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जाऊ लागले की संगणक इंधन तोडतो, हे तुम्हाला माहीत असेल. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, इंजिन पुढे जात नाही. मग आणखी काय हवं? आता कल्पना करा: तिसऱ्या गिअरमध्ये साडेसहा हजार फेरे, समीक्षकाला टाकायचाय चौथा, आणि घाईत हात गेला दुसऱ्यात. क्लच सुटला. आता इंजिन चाकांना फिरवत नाही. दीड टनाची धावती गाडी चाकांमार्फत इंजिनाला फिरवतेय. इंधन तोडून उपयोग काय? इंधन फिरवतच नाहीये. फेरे एका झटक्यात नऊ हजारांवर. पिस्टनचा तो भार आठवतोय? तो फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो: फेरे दीडपट, तर भार सव्वादोन पट. व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंगा इतक्या वेगानं परतू शकत नाहीत, व्हॉल्व्ह क्षणभर उघडेच राहतात, आणि खालून पिस्टन येतो.

कधी इंजिन जागीच फुटतं. कधी फुटत नाही, आणि तेच वाईट. वाकलेला व्हॉल्व्ह, ताणलेला रॉड, आणि गाडी मुकाट कंपनीकडे परत. समीक्षक कशाला सांगेल?

समीक्षक सांगत नाही. गाडी सांगते! पोर्शच्या अनेक मॉडेलांमध्ये इंजिनाचा संगणक या अतिरेकाची वही ठेवतो. मर्यादेपलीकडच्या फेऱ्यांचे सहा टप्पे. प्रत्येक टप्प्यात इंजिनात किती ठिणग्या पडण्याइतका वेळ गेला त्याची मोजणी. आणि शेवटचं उल्लंघन इंजिनाच्या आयुष्याच्या कितव्या तासाला झालं, त्याचीही नोंद. पहिल्या टप्प्यातले आकडे मोठे असले तरी चालतात, कोणीतरी गाडी आनंदानं पिळली एवढंच. पण पाचव्या-सहाव्या टप्प्यात आकडा दिसला, की तो गिअर चुकल्याशिवाय येत नाही. जुनी पोर्श घेणारे जाणकार हा अहवाल हातात आल्याशिवाय पाकीट उघडत नाहीत. कोणा अनोळखी माणसाच्या हातून कधीतरी, एका सेकंदाच्या काही अंशात झालेली चूक, तिच्या वेळेसकट!

आणि ही स्मरणशक्ती फक्त श्रीमंतांच्या गाड्यांना नाही. डॅशबोर्डखालच्या त्या सोळा पिनांच्या सॉकेटला आपला नाक्यावरचा मेकॅनिकही ‘स्कॅनर लावतो’. विक्रेता हुशार असेल तर त्यानं बिघाडांचे कोड आधीच पुसून टाकलेले असतात. पुसू द्या. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हेही बहुतेक गाड्या सांगतात. आज दाखवायला आणलेल्या गाडीत तो आकडा ११ निघाला, तर कोणीतरी काल संध्याकाळीच पाटी पुसली आहे. युरोपीय संघात तर जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत अपघाताच्या आधीची काही सेकंदं जपून ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे: वेग किती, ब्रेक दाबला होता का, पट्टा लावला होता का.

जे संगणकाला दिसत नाही, ते अंगावर लिहिलेलं असतं. इथे ती खडी परत येते. गाडी रॅम्पवर चढवा आणि खाली जाऊन वर बघा. पुढच्या बंपरचा खालचा ओठ, जो उभ्यानं कधीच दिसत नाही, तो प्रेस कारमध्ये खरवडलेला असतो. अलॉय व्हीलची कड बोटानं चाचपा; यू-टर्नच्या वेळी दगडाला घासलेली जागा नखाला लागते. बॉनेट तिरप्या उजेडात बघा: कॅमेरा चिकटवण्याच्या रबरी चकतीनं उमटलेलं वाटीएवढं गोल वर्तुळ कधीकधी पॉलिश करूनही जात नाही. डिकीच्या कडेला ट्रायपॉडच्या पायांचे ओरखडे. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर गाडीपेक्षा धाकटे निघाले, तर पहिला संच कुठे धूर झाला ते विचारायला हरकत नाही.

शेवटी बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघा. कारखान्यात रंग बोल्टसकट चढतो. पाना लागला की कोपऱ्यांवरचा रंग उडतोच. रंगाची जाडी मोजणारं हातात मावणारं यंत्रही आता बऱ्याच तपासनिसांकडे असतं. कारखान्यातला रंग, खालच्या गंजरोधक थरापासून वरच्या चकाकीपर्यंत, सगळा मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन. एखाद्या दारावर आकडा एकदम दुपटीनं वाढला तर तिथे डेंटिंग-पेंटिंग झालंय. हजाराच्या वर गेला तर रंगाखाली पुट्टी आहे, आणि पुट्टीखाली एक न सांगितलेली गोष्ट.

मग घ्यायची का? मी तरी गाडीगणिक वेगळं उत्तर देईन. ऑटोमॅटिक, कुटुंबाची, मोठी, कंटाळवाणी एसयूव्ही असेल तर खुशाल घ्या. तिच्यावर कोणी सलग शून्य ते शंभर मारत बसत नाही. समीक्षकांनी मागच्या सीटवर बसून गुडघ्यांना जागा किती ते पाहिलं असेल, डिकीत बॅगा मोजल्या असतील. त्यातही मासिकानं वर्षभर स्वतःकडे ठेवलेली ‘लाँग-टर्म’ गाडी मिळाली तर सोनंच. तिचं प्रत्येक दुखणं, प्रत्येक गॅरेजवारी महिन्याच्या महिन्याला छापून आलेली असते. सेकंडहँड बाजारात आजारपणाचा इतिहास छापील मिळणारी दुसरी कुठली गाडी आहे?

छोटी, तिखट, मॅन्युअल गाडी असेल तर संगणकाच्या अहवालाशिवाय नाही. आणि अनावरणाच्या वेळी पत्रकारांना दिलेली अगदी पहिली, उत्पादन पुरतं सुरू होण्याआधीची गाडी असेल, तर मुळीच नाही. त्यातले काही भाग पुढे बदलले गेलेले असू शकतात, मग सुटा भाग मागायला गेलं की दुकानदार तुमच्याकडे संशयानं बघतो. अशा बऱ्याच गाड्या कंपन्या स्वतःच चेपून भंगारात काढतात, ते उगाच नाही.

अपवाद आहेतच. ती करडी ९६०० एचपी पत्रकारांच्या हातून सुटल्यावर विकली गेली, हात बदलत राहिली. १९७७ साली फिलिप पोर्टर या मोटार-लेखकानं ती घेतली आणि पुढे तिचा जीर्णोद्धार केला. २०२१ मध्ये, साठ वर्षं झाली म्हणून, जॅग्वारनं जुन्या ई-टाइप नव्यानं सजवून सहा जोड्या काढल्या: प्रत्येक जोडीत एक गाडी ९६०० एचपीच्या आठवणीची, दुसरी ७७ आरडब्ल्यूच्या. त्या हिरव्या रंगाचं नाव ठेवलं ‘ड्रॉप एव्हरीथिंग ग्रीन’, ड्यूइस यांना त्या रात्री मिळालेल्या हुकमावरून. पत्रकारांनी पिळलेल्या दोन गाड्यांसाठी कंपनीनं बारा गाड्या घडवल्या!

तुमच्या समोरच्या गाडीचं असं काही होण्याची शक्यता कमी आहे, पण तिचाही नंबर कुठेतरी छापलेला असणार. सौदा ठरवण्याआधी तो आरसीवरून टिपून घ्या आणि जुने अंक, जुने व्हिडिओ चाळा. एमएच १२ किंवा एमएच १४ पासूनचे सगळे आकडे फोटोत बऱ्याचदा स्वच्छ दिसतात. कुठल्या पानावर ती घाटात शांतपणे वळताना दिसली तर ठीक. पण मागच्या चाकांमधून धूर काढत आडवी जाताना, दोन पानं भरून, सापडली, तर तो अंक विक्रेत्याच्या टेबलावर उघडून ठेवा आणि आहे त्याच भावात चार नवे टायर मागा.